करडांचं दूध तोडताना: इंदूरजवळच्या माळावरचा माझा अनुभव

करडू तीन महिन्यांचं झालं की दूध तोडायचं, असं सगळेच सांगतात. मी तारखेपेक्षा गव्हाण बघतो. सलग चार दिवस रोज 150 ग्रॅम खुराक संपवतं आणि वजन जन्मवेळच्या निदान तिप्पट आहे, तेच करडू आईपासून तोडतो. दुबळ्याला आणखी दोन आठवडे पिऊ देतो.

याची तयारी तिसऱ्या आठवड्यापासूनच. वाड्याच्या कोपऱ्यात उभ्या पट्ट्या, मधे पाच-सहा इंच फट. करडं आत शिरतात, शेळ्या बाहेर राहतात. गव्हाण फटीपासून तीन फूट आत ठेवावी, नाहीतर एखादी बिलंदर शेळी मान घालून सगळं फस्त करते.

100 किलो खुराकात मक्याचा भरडा 50, सोयापेंड 20, गव्हाचा चोकर 26, क्षारमिश्रण 2, कॅल्साइट पावडर 1 आणि मीठ 1 किलो. माळव्यात सोयाबीन घरचंच, त्यामुळे कच्चे दाणे भरडून घालायचा मोह होतो. पण त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. मोठ्या शेळीच्या पोटात तो बराचसा मोडतो, करडाच्या कोवळ्या पोटात नाही. पेंड मात्र उष्णतेतून गेलेली असते. कॅल्साइटवर पैसे वाचवू नयेत: मका, पेंड, चोकर या तिन्हींत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि खच्ची बोकडांचा मूतखडा बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

तोडायच्या दिवशी जागा आईची बदलायची, करडांची नाही. ओळखीचा वाडा, ओळखीचं पाणी, तोच माळ. शेळ्या शेजारच्या तुकड्यात, मधे बारीक चौकटीची जाळी. एका जाळीने भागत नाही, करडं तिच्यातूनही आचळ गाठतात. दोन फुटांवर दुसरी लावावी. आई दिसत राहिली की करडं ओरडतात खरी, पण चरणं सोडत नाहीत. सोबत एक आटलेली म्हातारी शेळी ठेवली तर फारच सोपं जातं.

लसीकरण, खच्चीकरण, जंताचं औषध यातलं काहीही त्या आठवड्यात नको. एकतर दहा दिवस आधी, नाहीतर दहा दिवस नंतर.

खुराक दर तीन दिवसांनी 25 ग्रॅमने वाढवत 250 पर्यंत, तोही सकाळ-संध्याकाळ विभागून. आधी चारा, मग खुराक. दांडगं करडू दुसऱ्यांचा वाटा खातं आणि पोटात आम्ल होऊन आडवं पडतं. म्हणून प्रत्येकाला गव्हाणीवर नऊ-दहा इंच जागा हवी, म्हणजे सगळी एकदम खातात. पोट तट्ट, लेंड्यांऐवजी आंबूस पातळ शेण दिसलं की खुराक बंद, फक्त वाळलेलं गवत, आणि डॉक्टरांना फोन.

जानेवारीत तोडलं तर माळ वाळलेला, गवतात प्रथिनं नावालाच; तेव्हा पेंड 25 आणि मका 45 किलो करतो, शिवाय सुबाभळीचा थोडा पाला. जुलैत गवत कोवळं असतं, तेव्हा पेंड कमी चालते, पण जंत डोकं वर काढतात. दव सुकल्याशिवाय करडं सोडत नाही. शेणात रक्त दिसलं तर ते जंतच असं धरून चालू नये. या वयात कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) जास्त शक्य, आणि साधं जंतनाशक त्यावर चालत नाही. लेंड्या तपासून घ्याव्यात.

शेळ्यांचा खुराक दोन दिवस आधीच तोडावा. कास भरली तरी पूर्ण पिळू नये, दूध उतरतच राहतं. गरम आणि दगडासारखी लागली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवावी.