पाखरं इकडं येत्यात, तुम्ही तिकडं कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न पहिल्यांदा भिगवणच्या नावाड्यानं विचारला होता. समोर राजहंसांचा थवा उतरलेला, आणि मी बोलता बोलता म्हटलं की जानेवारीत आम्ही दोघं नैनितालकडे जातो, पक्षी बघायला. त्यानं वल्हं थांबवलं. "मॅडम, ही सगळी पाखरं हिमालय वलांडून इकडं येत्यात, आन् तुम्ही तिकडं काय बघाया जाता?" नंतर नणंदेनं विचारलं, सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं. नवऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं, "तिकडे गर्दी नसते." हे उत्तर अर्धंच खरं आहे.

नावाड्याचा प्रश्न मात्र चोख होता. थंडीत आपल्याकडे धोबी येतो, कळकलेल्या तांब्याच्या रंगाचा व्हर्डिटर फ्लायकॅचर येतो, इंडियन ब्लू रॉबिन तर हिमालयातून निघून पार सह्याद्रीच्या जंगलात येऊन बसतो. पण सगळ्यांना एवढा लांबचा प्रवास झेपत नाही, आणि त्याची गरजही नसते. तीन-चार हजार मीटरवर राहणारे कितीतरी पक्षी थंडीत फक्त खाली उतरतात. वर बर्फ पडलं, किडे दडले, बिया झाकल्या गेल्या की दरीत यायचं आणि उन्हाळा लागला की परत वर. म्हणजे जे पक्षी बघायला जूनमध्ये तंबू, खेचरं आणि शाबूत गुडघे लागतात, ते जानेवारीत रस्त्याकडेच्या पुलाखाली भेटतात. माझे गुडघे शाबूत नाहीत. आमच्या थंडीतल्या हिमालयाचं मूळ कारण हे आहे.

तिथली माणसंही पूर्वी असंच करायची. कुमाऊँच्या वरच्या गावांतली कुटुंबं थंडीत गुरंढोरं घेऊन खाली भाबरात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात उतरायची. जिम कॉर्बेटच्या घरचेसुद्धा उन्हाळ्यात नैनितालला आणि हिवाळ्यात खाली कालाढुंगीला राहायचे. या खाली येण्याला, उन्हाला बसण्याला पहाडी लोक 'घाम तापना' म्हणतात. पहिल्या वर्षी आमच्या होमस्टेच्या आजींनी अंगणात खुर्च्या टाकून "आओ, घाम तापो" म्हटलं, तेव्हा चार स्वेटर घातलेला माझा नवरा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. कुमाऊँनीत घाम म्हणजे ऊन. तेव्हापासून आमच्या पुण्याच्या गॅलरीतही थंडीत घाम तापणं चालतं.

प्रवासाचं फार सांगत नाही. दिल्लीहून काठगोदाम, तिथे रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. जानेवारीत मैदानात धुकं असतं, गाडी उशिरा पोचणार हे धरूनच चालायचं. यंदा पाच तास. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती, त्यामुळे निभावलं.

पहिला मुक्काम साततालला. उंची साधारण १३७० मीटर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरएवढीच. इथे ओढ्याकाठी एक जागा आहे, तिला सगळे 'स्टुडिओ' म्हणतात. ओलसर दगड, पाण्याची बारीक धार आणि समोर स्टुलांवर बसलेली वीसेक माणसं, प्रत्येकासमोर तोफेएवढी लेन्स. लालचोच्या लायोथ्रिक्स येतात, पांढऱ्या गळ्याच्या लाफिंगथ्रशची टोळी लग्नातल्या वऱ्हाडासारखी कलकलाट करत येते आणि सगळं उधळून जाते. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण फांदीवर कुणीतरी किडे लावून ठेवलेले, कुणी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवतंय, तो बिचारा आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून धावत येतोय, आणि लगेच क्लिक-क्लिक-क्लिक. थंडीत त्याला एकेक किडा शोधायला मेहनत पडते, ती ताकद आपण भांडणात खर्च करायला लावायची? आम्ही तासाभरानं उठलो. नवरा म्हणाला, अजून थोडं थांबलो असतो. त्यावरून गाडीत अबोला. दोघांनी मिळून पक्षी बघायला जाण्यात हेही असतं.

अबोला मिटला चाफीच्या पुलावर. तिथे कलसा नदी वाहते, गोट्यांमधून, स्वच्छ, दातांना कळ आणेल अशी गार. आमचा वाटाड्या तिथलाच, चाळिशीचा. आम्ही त्याला दाज्यू, म्हणजे दादा म्हणतो, तो नवऱ्याला दाज्यू म्हणतो, आणि मी झाले बोज्यू, म्हणजे वहिनी. त्यानं पलीकडच्या कातळाकडे बोट केलं. बघते तर नुसता राखाडी खडक. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्या खडकाचा चिमणीपेक्षा थोडा मोठा एक तुकडा सरकला. सरकला आणि पंख झटकन उघडून मिटले. आत कुंकू! एवढ्या करड्या पक्ष्याच्या पोटी इतका लाल रंग असेल असं वाटतच नाही. पुन्हा दोन पावलं वर, पुन्हा झटका, पुन्हा कुंकू. वॉलक्रीपर. उन्हाळ्यात हा उंचावरच्या कड्यांवर घरटं करतो, तिथे मी या जन्मी पोचणार नाही. थंडीत तो कपारीतले किडे टिपत खालच्या नद्यांपर्यंत येतो. सव्वा तास आम्ही दोघं पुलाच्या कठड्याला टेकून उभे होतो. दाज्यूनं कुठूनतरी चहा आणला, तो थंड झाला, तसाच प्यायलो. नवऱ्यानं एकही फोटो काढला नाही. नंतर म्हणाला, हात गारठले होते. असतील.

तिथून वर पंगोट. बांज आणि बुरांशचं, म्हणजे ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं जंगल, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. रात्री गहतची डाळ आणि मडुव्याची रोटी, म्हणजे आपले कुळीथ आणि नाचणी. कोकणातली माझी आजी इथे पहिल्या दिवसापासून रुळली असती.

पंगोटच्या पुढे विनायकच्या बाजूला उभे गवताळ उतार आहेत, चीअर फेजंट तिथे मिळतो. आम्हाला मिळाला नाही, सलग तिसऱ्या वर्षी. नवरा मात्र गवताकडे बघताना चीअरपलीकडचं काही शोधत असतो. हिमालयन क्वेल नावाचा लहानसा लावा १८७६ साली नैनितालजवळ शेर का डांडा इथे शेवटचा मिळाला, आणि त्यानंतर खात्रीची नोंद नाही. दीडशे वर्षं हरवलेला पक्षी आपल्याला पुण्याहून येऊन सापडेल, असं हा उघड बोलत नाही. पण दर वेळी गवत हललं की त्याचा श्वास थांबतो. मला तो आवाजही कळतो.

आवाजावरून आठवलं. थंडीत पक्षी फारसे गात नाहीत, पण टोळी करून हिंडतात. अर्धा तास जंगल अगदी मुकं असतं आणि मग अचानक डोक्यावरच्या एकाच झाडात वल्गुल्या, वटवटे, नटहॅच असे सात-आठ जातींचे पक्षी एकदम. अशीच एक टोळी आली. मी म्हटलं, "ट्रीक्रीपर, डावीकडे, बारीक सीऽ सीऽ करतोय बघ." तो म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, "ऐक ना." तो ऐकत होता. पुन्हा तो आवाज आला, सुईसारखा. दाज्यूनंही मान वळवली. नवऱ्याची मान वळली नाही.

त्याला तो आवाज येतच नव्हता. वय वाढलं की कानातून आधी वरच्या पट्टीतले सूर जातात, हे आम्हाला माहीत होतं, माहीत असतंच. पण गेल्या वर्षीपर्यंत हाच मला ट्रीक्रीपर दाखवायचा. मी काहीच बोलले नाही. त्याचा दंड धरला, त्याला खोडाकडे वळवलं आणि बोटानं साल दाखवली. सालीच्याच रंगाचा तो पक्षी खोडाभोवती गोल गोल वर चढत होता. "दिसला," तो म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "आवाज कसा आहे, सांग ना." पक्ष्याचा आवाज माणसाला कसा सांगायचा? मी जमेल तसं तोंडानं सीऽ केलं. दाज्यू हसायला लागला, मग आम्हीही.

तर थंडीत का जाता, याचं खरं उत्तर मला आता असं सुचतं की वरचे काही पक्षी खाली आलेले असतात आणि आम्हीही वरून थोडे खाली उतरायला लागलो आहोत. मध्यावर कुठेतरी गाठ पडते. नणंदेला हे सांगितलं तर ती म्हणेल, "काय गं हे!" म्हणून तिला मीही गर्दीचंच उत्तर देते.

शेवटच्या दोन दिवसांत संक्रांत आली. कुमाऊँत तिला घुघुतिया म्हणतात. घुघुती म्हणजे तिथला होला. सासरी गेलेल्या मुलींना चैत्रात त्याचं घुमणं ऐकून माहेर आठवतं, असं होमस्टेच्या आजी सांगतात. संक्रांतीला कणीक गुळाच्या पाण्यात मळून तिचे पिळाचे, डमरूचे, तलवारीचे आकार तुपात तळतात, त्यांना घुघुते म्हणतात. त्यांची संत्रं ओवलेली माळ पोरांच्या गळ्यात घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं अंगणात येऊन कावळ्याला हाका मारतात. या, खा, आणि आम्हाला काहीतरी चांगलं द्या.

कडाक्याच्या थंडीत आजींचा नातू "काले! काले!" ओरडत होता. आजींनी माझ्याही हातात एक घुघुता ठेवला, "बोज्यू, तुम भी बुलाओ." मला जमेना. आपल्याकडे कावळ्याला हाक मारायची वेळ वेगळी असते, आणि तो शिवेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. वडिलांच्या वेळचं सगळं डोळ्यांसमोर आलं. नवऱ्यानं माझ्या हातातून घुघुता घेतला आणि त्या पोराच्या वरताण आवाजात, शुद्ध पुणेरी मराठीत ओरडला, "ये रे काऊ, ये!"

कौलावरून उत्तर आलं, घसा बसल्यासारखं, जाडं, मोठ्ठं. "हा येतोय ऐकू," तो म्हणाला. कावळा उतरला, घुघुता उचलून देवदारावर गेला. मी पुण्याहून नेलेला तिळाचा लाडू शेजारी ठेवला होता, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.