कादंबरी ते पटकथा, नोंद ४ : ‘बसायचे’चं काय करायचं?

कादंबरी ३१२ पानांची, निवेदक ‘मी’. पहिल्या वाचनात प्रसंगांची १४० कार्डं निघाली, आता ५८ उरलीत. काकाचं उपकथानक अख्खं गेलं. त्याची कार्डं बाजूला ठेवून उरलेली ओळीने वाचली तर कुठेच अडखळायला होत नाही, म्हणजे विषय संपला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो क्रियापदांनी. ‘बाबा रोज संध्याकाळी अंगणात बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.’ कॅमेऱ्याला ‘बसलेत’ दिसतं, ‘बसायचे’ दिसत नाही. दुसऱ्या प्रकरणात अशी क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित केली तर ४३ भरली! एकदाच दाखवलं की सवयीची घटना होते आणि प्रेक्षक विचारतो, आज काय बिनसलंय? म्हणून कॅमेरा त्याच जागी ठेवून आठ-दहा सेकंदांचे तीन शॉट. पहिल्यात दोन खुर्च्या, दुसऱ्यात एक भिंतीला मिटून टेकवलेली, तिसऱ्यात एकच. आईचं जाणंही त्यातच येतं, वेगळा प्रसंग वाचतो. चौथ्यांदा तीच चौकट आली की खुर्ची रिकामी हवी, नाहीतर ती आणूच नये.

पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१) ही कादंबरी थेट अंतराळयानात सुरू होते. दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्कींनी तिच्यावरच्या १९७२च्या चित्रपटात आधी पृथ्वीवरचं घर आणि तळं रेंगाळत दाखवलं. रूपांतरात नुसती काटछाट नसते, भरही घालावी लागते, ती अशी.

‘पत्र उघडायची भीती वाटत होती’ हे वाक्य निवेदनात ठेवायचा मोह झाला होता. आता बंद पाकीट पाण्याच्या ग्लासाखाली आहे. पहिल्या दिवशी त्यावर एक ओलं वर्तुळ, तिसऱ्या दिवशी एकात एक गुंतलेली चार, पत्ता फुटलेला. निवेदन चित्राच्याच मागे चालत असेल तर कापायचं, चित्राशी भांडत असेल तरच ठेवायचं. या चाळणीतून ३१पैकी ६ वाक्यं वाचली.

पटकथेचं ‘एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजीतल्या कुरिअर फॉन्टच्या १२ पॉइंट आकारावर बसवलेला आहे, देवनागरीत फॉन्ट बदलला की तो कोलमडतो. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा आणि कृतीच्या ओळीपाशी ती कृती मनात पुरी होईपर्यंत थांबा. पहिली १५ पानं १९ मिनिटांची निघाली. जास्तीची चार मिनिटं बहुतेक त्या अंगणातच आहेत.

पुढे तिसरं प्रकरण. ते सगळंच स्वप्नात घडतं, आणि अधोरेखित करायला त्यात एकही ‘बसायचे’ नाही.