नाळेकडच्या केबिनला दोन खिडक्या

आज दिवसभर अमेरिकेतल्या अनापोलिसला, आमच्या शिडाच्या बोटीवर. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या केबिनला दोन्ही बाजूंनी एकेक उघडणारी खिडकी बसवली! इथल्या चेसापीक उपसागराचा जुलै म्हणजे कोकणातला मे, नुसता घाम. छताला एकच झडप असलेल्या त्या केबिनमध्ये मुलं झोपायला तयार नसायची. नांगरावर बोटीची नाळ वाऱ्याकडे वळते, झडपेतून वारा आत येतो. पण त्याला बाहेर पडायला वाट नको का?

जिगसॉनं (विजेच्या बारीक करवतीनं) भोक पाडणं सोपं. खरी मेहनत कडांची. केबिनच्या भिंतीत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो. त्यात पाणी शिरलं की तो आतल्या आत कुजतो, वरून पत्ताही लागत नाही. म्हणून मागच्याच शनिवारी कडेचा बाल्सा खरवडून तिथे घट्ट इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) भरलं होतं. कोपरे गोल ठेवले, चौकोनी कोपऱ्यांतून तडे जातात. आज चौकटींखाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावली. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत, टेपला सावकाश दबू द्यायचं. इथे घाई केली की खिडकी गळणारच, हे माझं ठाम मत.

उद्या पाइपनं पाणी मारून बघणार. मग आठवडाभर थोडे थोडे स्क्रू आवळायचे.