आज दुपारी आईवर ओरडलो

ती अंथरुणाला खिळून चार महिने झाले. औषध भरवताना तिने तोंड घट्ट मिटलं, चमचा कलला आणि सगळं औषध तिच्या मानेवरून उशीवर ओघळलं. मी ओरडलो. ती काही बोलली नाही, थरथरत्या हाताने चादरीचं टोक शोधून स्वतःची मान पुसू लागली. ते बघवेना.

बाहेर पायरीवर येऊन बसलो. सकाळी प्रार्थनेत म्हटलं होतं, 'प्रभू, आज मी चिडणार नाही.' आता कळतंय, ती प्रार्थना नव्हतीच. मी देवाला माझा निश्चय कळवत होतो, मागितलं काहीच नव्हतं.

मग बायबलमधला गिदोन आठवला, शत्रूशी लढायला निघालेला इस्राएल लोकांचा पुढारी. 'शास्ते' हे पुस्तक, सातवा अध्याय. ३२,००० माणसं जमली होती, देव म्हणाला, फार आहेत. भ्यालेले २२,००० घरी गेले. उरलेल्या १०,००० मधून पाण्यापाशी फक्त ३०० निवडले गेले. हातात कर्णे, रिकामे घडे आणि घड्यांत दिवट्या. कशासाठी? तर 'आमच्याच बळाने आम्ही सुटलो' असं इस्राएलाने म्हणू नये म्हणून! माझी सहनशक्ती, माझी शिस्त, चार महिन्यांचं 'मी करतो सगळं', ही माझी ३२,०००ची फौज. सांडलेल्या एका चमच्यापुढे ती टिकली नाही.

संध्याकाळी एवढंच म्हणालो, 'बापा, माझ्यातलं प्रेम संपलंय. तुझं दे.'

आईची माफी मागितली. तिने माझा हात ओढून गालाशी धरला. रात्रीचं औषध पाजायला अर्धा तास लागला. लागू दे.