आईची ट्रीटमेंट, सरकारी ओपीडी आणि वाड्याहून आलेला माणूस

आईची झोप गेली होती, जेवण कमी झालेलं, टीव्ही समोर चालू पण लक्ष कुठेच नाही. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, बी१२, शुगर सगळं करायला लावलं, सगळं नॉर्मल, मग तेच म्हणाले सायकियाट्रिस्टला दाखवा. प्रायव्हेटवाले डॉक्टर चांगले होते पण त्यांची फी, वर दर आठवड्याला काउन्सेलिंग, नाही झेपलं. मेडिक्लेम म्हणाल तर २०१७ च्या कायद्यात स्पष्ट आहे की मानसिक आजारालाही बाकी आजारांसारखाच विमा द्यायचा, पण आमच्या पॉलिसीत अ‍ॅडमिट झालं तरच पैसे मिळतात आणि आईचा सगळा खर्च ओपीडीचा.

शेवटी महापालिकेच्या हॉस्पिटलात गेलो. केस पेपरची लाईन, मग ओपीडीची लाईन, नवीन पेशंट म्हणून ज्युनिअर डॉक्टरने आधी सगळी हिस्ट्री घेतली. बाहेर एवढी गर्दी असून ती मुलगी जराही घाई करत नव्हती. तिने विचारलं, "काकू, जगणं नकोसं वाटतं का कधी?" आई माझ्याकडे बघायला लागली, तसं तिने मला बाहेर थांबायला सांगितलं.

बाकड्यावर शेजारी पालघर जिल्ह्यातल्या वाड्याहून आलेला माणूस होता, बायकोला घेऊन. पहाटे घर सोडायचं, एसटी, मग लोकल, दोघांची मजुरी बुडते, आणि गोळ्या महिन्याच्याच देतात म्हणून दर महिन्याला हेच. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या अहवालात आहे, श्रीमंत देशांत लाखामागे मानसिक आरोग्याचं काम करणारी ६० च्या वर माणसं, गरीब देशांत २ पण नाहीत. मला तर मुंबईत राहूनच एवढं जड गेलं, त्याचं काय होत असेल.

दोनपैकी एक गोळी काउंटरला नव्हती, बाहेरून घेतली. सुरुवातीला आईला मळमळायचं, बंद कर म्हणायची, पण डॉक्टरनी आधीच सांगितलेलं की गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मनाने थांबवू नका. एका रात्री फारच बेचैन झाली तेव्हा १४४१६ ला, म्हणजे टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन केला, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत शांतपणे बोलले.

आता आई झोपते, भाजी निवडायला बसते, फॉलोअप चालू आहे. वाडा, जव्हार बाजूला सरकारी मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दवाखान्यात आणि कोणत्या वारी येतात हे कोणाला नक्की माहीत असेल तर प्लीज सांगा, त्या दादांचा नंबर आहे माझ्याकडे, लगेच कळवते.