दिवेलागणीला घरी यायचं असतं, हे कोंबडीला कोण शिकवणार?

आमच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, खुराड्यात राहायला गेल्या तेव्हा आठ आठवड्यांच्या होत्या. तोवरचं बालपण मागच्या खोलीत, एका मोठ्या खोक्यात गेलं. पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला बल्ब जरा वर, साधारण तीन अंश कमी. सहाव्या आठवड्यापर्यंत लव जाऊन अंगभर पिसं आली आणि बल्ब माळ्यावर गेला. शेवटच्या पंधरवड्यात त्या खोलीत पाऊल टाकलं की पायाखाली भुसा आणि नाकात धूळ. त्यांना बाहेर काढायची घाई त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती, हे कबूल करते.

खुराडं नवऱ्याने बांधलं. तीन रविवार आणि एक ठेचलेलं बोट. जाळीवरून आमचं वाजलं. त्याने ती षट्कोनी भोकांची पातळ जाळी आणली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं दातांनी सहज फाडतं. शेवटी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड, वेल्ड केलेली जाळी आली. तिची फूटभर पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीत पुरली, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाला आधी तीच लागावी. वरच्या बाजूला, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, झडपा ठेवल्या. विष्ठेतल्या अमोनियाला वाट हवी, पण वारा थेट अंगावर नको.

एवढं सगळं नीट केलं आणि दुसऱ्याच दिवशी मी माती खाल्ली. सकाळी दार उघडून दिलं. उन्हात फिरू देत बिचाऱ्या, म्हटलं. दिवसभर मजेत होत्या. कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत खळगा करून आळीपाळीने लोळल्या, पंखांत माती भरून घेतली. आंघोळच ती त्यांची, पिसांतल्या उवा तिनेच कमी होतात. संध्याकाळी मी खुराड्यापाशी जाऊन उभी राहिले. एकही नाही. शोधत मागे आले, तर चौघी मागच्या खोलीच्या बंद दाराला चिकटून ओळीने उभ्या. आपलं खोकं आत आहे आणि ही बाई दार उघडत नाही, असा चेहरा. उरलेल्या दोघी कपडे वाळत घालायच्या बांबूवर.

मी पळापळ सुरू केली. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, कशाला धावतेस? अंधार पडू दे, आपोआप हातात येतील." आणि खरंच तसंच झालं. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. एकदा काळोख झाला की ती बसल्या जागी दगड होते. दोन्ही पंख तळव्यांत धरून एकेक उचलली. पंख दाबले की फडफडत नाही. हाताला छातीवरची अन्नाची पिशवी लागते, दाण्यांनी भरलेली, लिंबाएवढी टणक. रात्री ती भरलेली लागली म्हणजे दिवसभर खाणं झालं. सगळ्यात बारकी जी ठिपकी आहे, तिची मात्र अर्धीच होती.

"कोंबडीला घर नुसतं दाखवून भागत नाही," सासूबाई म्हणाल्या, "कोंडावं लागतं. आठ दिवस बाहेर काढू नकोस." त्यांच्या लहानपणी म्हणे नवी कोंबडी आणली की डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, डालायची, मगच मोकळी.

मग आठ दिवस खुराडं आणि त्याला जोडलेलं जाळीचं अंगण, एवढंच त्यांचं जग. या आठ दिवसांत आमच्या बांधकामाच्या चुका बाहेर आल्या. पहिल्या रात्री चौघी कोपऱ्यात एकमेकींवर चढून झोपल्या. हे वाईट, खालची गुदमरते. दोघी अंड्यांच्या खोक्यांत. हेही वाईट, कारण जिथे झोपायचं तिथेच हगायचं, ही कोंबडीची रीत. आणि अंडी तर अठराव्या आठवड्याआधी सहसा येत नाहीत. खोक्यांच्या तोंडांवर पोती ठोकली. पण दांडीवर का बसत नाहीत? बघितलं तर दांडी खोक्यांपेक्षा खाली! कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधणार. शिवाय नवऱ्याने दांडीसाठी गुळगुळीत गोल पाइप वापरलेला. त्यावर पाय घसरतो. दोन इंच रुंदीची, कडा तासलेली लाकडी पट्टी वर बसवली. तिच्यावर पाऊल सपाट ठेवून बसतात, मग पोटाची पिसं बोटांवर पसरतात, जणू पांघरूणच.

तरी संध्याकाळी आत जायला नाखूश. उकल अगदी साधी निघाली. एकदा दिवेलागणीला मी त्यांच्या उंचीला वाकून दारातून आत पाहिलं. बाहेर अजून उजेड, आणि आत काळंकुट्ट भोक. कोण जाईल? आत एक छोटा दिवा लावला. पाच मिनिटांत पहिली आत. सगळ्या दांडीवर स्थिरावल्या की मगच दिवा बंद करायचा; आधी केलात तर जी खाली असेल ती रात्रभर खालीच.

दांडीवरच्या भांडणात मी पडत नाही. मधली उबदार जागा कोणाची, हे चोचीने ठरतं. कोंबड्यांमधली ही चोच मारण्याची उतरंड नीट लिहून काढली ती शेल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने, १९२२ साली. लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या नोंदी ठेवायचा. आमच्याकडे काळी सगळ्यांना टोचते, ठिपकी सगळ्यांकडून टोचून घेते. रक्त निघालं नाही तर लक्ष द्यायचं नाही, एवढं ठरवलंय. फक्त खाद्य आणि पाणी दोन ठिकाणी ठेवलं, म्हणजे काळीला एका वेळी एकाच भांड्यावर राज्य करता येतं. ठिपकीची पिशवी तेव्हापासून पूर्ण भरते.

खाद्याचंही एक. शेजारच्या काकूंनी प्रेमाने अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आणून दिलं. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कवचासाठी. वाढत्या तलंगांची मूत्रपिंडं त्याने खराब होतात. पोतं माळ्यावर गेलं, बल्बशेजारी. काकूंना अजून सांगितलेलं नाही. भुसा मात्र रोज हाताने चाचपते. जागा बदलल्याचा ताण आणि ओला भुसा एकत्र आले की रक्ती हगवण येते, आणि त्याची धास्ती मला कुत्र्यापेक्षा जास्त आहे. पाण्याची भांडी विटेवर चढवली, तेव्हापासून भुसा कोरडा आहे.

नवव्या दिवशी दार उघडलं, तेही संध्याकाळी, दिवस मावळायला तासभर असताना, म्हणजे लांब जायला वेळच मिळू नये. गवत टिपलं, उकरलं. उजेड पिवळा झाला तशी काळी मान वर करून थांबली, खुराड्याकडे वळली. मागोमाग चौघी. ठिपकी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथे जरा वेळ उभी राहिली, मग धावत परतली आणि आत शिरली. दांडीवर आतून चार-सहा टोचे, थोडी कुरकुर, मग शांत. मी मोजलं, सहा. कडी लावली, तिला वर आकडाही अडकवला.

सासूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "मोजल्यास का?"

"सहा," म्हटलं.

"परत मोज."