आजारी रजेवरचा बातमीदार

रविवारची दुपार, पत्र्यावर धो धो पाऊस, डोळा काही लागेना. शेवटी मोबाईल उशीला टेकवून ‘ले व्हांपीर’, म्हणजे ‘रक्तपिपासू’, लावला. लुई फयाद या फ्रेंच दिग्दर्शकाची १९१५-१६ सालची मूक चित्रमालिका. भाग दहा, सगळे मिळून जवळजवळ सात तास. नावावर जाऊ नका, रक्तबिक्त पिणारं कुणी नाही त्यात. पॅरिसमध्ये धुमाकूळ घालणारी एक टोळी आहे आणि तिच्या मागावर ‘मोंदियाल’ या वर्तमानपत्राचा बातमीदार फिलिप गेरांद.

तर तिसऱ्या भागात हा गेरांद काय करतो? आजारपणाचं सोंग करून ऑफिसातून रजा काढतो. कशाला, तर टोळीतल्या एका बड्या असामीकडची सांकेतिक लाल वही निवांत उलगडायला. मी तिथेच पिक्चर थांबवला. अहो, बातमीच्या मागे लागण्यासाठी बातमीदाराने रजा टाकायची? मग एरवी हा ऑफिसात जाऊन काय करतो?

सिनेमातल्या पत्रकारांवर माझा जुना राग आहे. धावतात, लपतात, दार ढकलून आत शिरतात. पण बूड टेकवून चार ओळी खरडताना दिसतील तर शपथ. संपादक ओरडतो, पहिलं पान अडवून ठेवा म्हणतो, आणि सकाळी बातमी आपोआप छापून येते.

आमच्या वाड्यात अण्णा राहायचे. सकाळी शाळेत मास्तरकी, संध्याकाळी तालुक्याचे वार्ताहर. पिवळट न्यूजप्रिंटचं पॅड मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे चार बोटं समास सोडायचा, रिफिल मधेच रुसली की चपलेच्या तळव्यावर घासायची. ‘पुलाचे काम रखडले, ग्रामस्थांत तीव्र नाराजी’. नाराजी तीव्र नसेल तर बातमी लागत नाही, हे मला तिसरीतच कळलं होतं. मग पाकीट खळीने चिकटवून, वर ‘तातडीचे’ लिहून ते माझ्या हातात द्यायचे आणि मी स्टँडकडे पळत सुटायचो. संध्याकाळच्या एसटीचा ड्रायव्हर ते काचेच्या कोपऱ्यात खोचायचा आणि विचारायचा, “काय रे, आज कुणाचा नंबर?”

एकदा नंबर लागला तो एका वजनदार ठेकेदाराचा. मी श्वास रोखून बसलो होतो. रहस्यकथा भाड्याने आणून वाचायचं वय. रात्री बुरखेवाले येणार याची खात्रीच होती. आली ती वाळूची ट्रॉली. भल्या पहाटे कुणीतरी अण्णांच्या दारासमोर रिकामी करून गेलं. तो ढीग अख्खा पावसाळा तिथेच. अण्णा सायकल खांद्यावर घेऊन वळसा घालायचे, मांजरं त्यात आपले विधी उरकायची आणि आम्ही पोरं किल्ले करायचो. “याची बातमी द्या की,” असं कुणी म्हटलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, “स्वतःची बातमी स्वतः देत नसतात.”

त्या मानाने पॅरिसचे खलनायक हौशी. गेरांदशी जिचं जुळलंय अशी कुजबुज आहे ती नर्तकी मार्फा, तिला म्होरक्या सरदाराच्या वेशात येऊन अंगठी देतो. अंगठीत विषारी काटा. वटवाघळाचे पंख लावून ती स्टेजवर नाचते आणि नाचता नाचताच कोसळते. पुढे सतानास नावाचा एकजण येतो, तो तर तोफच बाळगून असतो. एवढी खुन्नस, एवढा सरंजाम, आणि गेरांद शेवटपर्यंत ठणठणीत! (खरं सांगायचं तर त्याच्यासाठी हे कुणी बघतच नाही. बघायची ती काळ्या घट्ट पोशाखात वावरणारी नटी म्यूझिदोरा.)

लेखणी आहे हो, नाही असं नाही. पण ती विषारी! टोळीकडून पळवलेली, माझामेत या विनोदी साथीदाराने गेरांदला आणून दिलेली. टोळीवाले गेरांदच्या आईला पळवून नेतात आणि पहाऱ्यावरचा मुकाबहिरा बुवा तिच्यापुढे सहीसाठी कागद सरकवतो, तेव्हा म्हातारी तेच पेन त्याला टोचून निसटते. सात तासांत लेखणीने केलेलं सगळ्यात मोठं काम हे, आणि तेही आईच्या हातून.

पुढे बघताना लक्ष गेलं ते रस्त्यांकडे. फयादने पुष्कळसं चित्रण खऱ्याखुऱ्या पॅरिसमध्ये केलं आहे, आणि रस्ते ओस. महायुद्ध चालू होतं, धडधाकट पुरुष आघाडीवर गेलेले. काही भागांवर पोलिसांनी काही काळ बंदी घातली होती म्हणे, गुन्हेगारीचा उदोउदो होतो म्हणून. त्याच दिवसांत त्याच शहरातली खरी वर्तमानपत्रं सेन्सॉरकडून तपासून निघायची. आक्षेपार्ह मजकूर काढला की तेवढी जागा तशीच जायची. रकान्यात मधेच पांढरा चौकोन. लोक पैसे देऊन ते चौकोन विकत घ्यायचे.

गेरांदने तेव्हा आघाडीवरचं खरं काही लिहायला घेतलं असतं, तर अंगठ्या, तोफा, बुरखे यांतलं काहीच लागलं नसतं. एक कारकून पुरला असता.